कावळ्यापुढे दिलेला शब्द

॥ श्री ॥

राजापेठ, अमरावती
मंगळवार (तारीख मुद्दाम लिहीत नाही. आकड्यांची बेरीज वाईट येते.)

श्री. देवीदासराव यांसी,

सूर्यभानचा अकोल्यास सप्रेम नमस्कार. सौ. पार्बताबाईंचा गुडघा जिना चढताना अजून दुखतो का, आणि फवारणी पंपांच्या दुरुस्तीची गर्दी दुकानात सुरू झाली का, ते सवडीने कळवावे. इकडे माझी प्रकृती ठीक आहे. (हे वाक्य लिहीत असतानाच भिंतीवर पाल चुकचुकली. मी तीनदा जमिनीवर बोट आपटून ‘कृष्ण कृष्ण’ म्हटले आणि मगच पुढे लिहायला घेतले. पाल अजून ट्यूबलाइटच्या मागे आहे.)

फोन असताना पत्र कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण फोनवर मला तीनच शब्द सुचतात, ‘हो’, ‘बरं’ आणि ‘ठेवतो’, हे तुम्हाला ठाऊक आहे. रविवारी सामना हरल्यावर तुमचा फोन आला, तेव्हाही मी तेवढेच बोललो. तुम्ही म्हणालात, “भाऊजी, हारले त हारले. त्यायचं त्याईले दुःख नाही, अन् तुमी काहून तोंड पाडून बसले? जेवून घ्या अन् पडा.” तुम्ही प्रेमाने म्हणालात, मला राग नाही. पण देवीदासराव, रविवारची हार त्या अकरा जणांची नाही. ती माझी आहे. हे मी कोणालाही सांगितलेले नाही (काल गफ्फारभाईंना सांगितले, ते पुढे येईलच) आणि तुम्हालाही पालीकडे एक डोळा ठेवूनच सांगतो आहे. अक्षर वाकडे आले तर वयाला दोष देऊ नये.

मुळापासून सांगतो. तुम्हाला कौंडण्यपूरचा तो दहावा दिवस आठवत असेल. तुमच्या अक्काला जाऊन आता आठ महिने झाले. त्या दिवशी वर्धेच्या काठावर पिंड ठेवून आपण दीड तास उभे होतो आणि कावळा काही शिवायला तयार नव्हता. शेजारच्या कुटुंबाच्या पिंडाला चार-चार कावळे, आणि आपल्याकडे एकटाच एक, तोही दगडावर बसून दुसरीकडे बघणारा. इच्छा राहिली आहे, बोला, बोला, असे गुरुजी म्हणाले. तुम्ही पुढे होऊन हात जोडलेत, “अक्का, भाऊजीले काही कमी पडू देनार नाही वं.” कावळ्याने पंख साफ केले. मग आमची आरती रडत म्हणाली की आई, मी बाबांना पुण्याला घेऊन जाईन. त्यावर कावळा उडाला आणि थेट नदीच्या पलीकडे गेला. (खरे सांगतो, त्या वेळी दुःखातही मला थोडा धीर आला.) गुरुजींनी घड्याळाकडे पाहिले आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. जन्मभर जिला बाजारची तयार भाजणी चालली नाही, तिला गवताचा कावळा चालेल का? माझे मला कळायच्या आत मी पुढे झालो. लग्नाला चौतीस वर्षे झाली तरी मी तिला नावाने हाक मारलेली नव्हती, तेव्हा काय म्हणून सुरुवात करावी यातच थोडा वेळ गेला. शेवटी पुटपुटलो, “ऐकलं का? तुझी खुर्ची रिकामी ठेवणार नाही. आणि कप आणू.”

‘आणू’ हा शब्द तोंडातच होता. तेवढ्यात तो कावळा पलीकडच्या काठावरून सरळ रेषेत आला आणि चोच लावली. तुम्ही सगळे ‘शिवला, शिवला’ म्हणत हात जोडत होतात. मी मात्र हात जोडायचे विसरलो. कारण आपण काय बोलून बसलो ते मला तेव्हाच समजले होते. खुर्चीचे ठीक आहे, खुर्ची माझ्या घरात आहे. पण कप? भूमी अभिलेख खात्यात मी तेहतीस वर्षे मोजणी केली. ज्या जमिनीचा ताबा आपल्याकडे नाही, तिची हमी देऊ नये, हे मी शेकडो लोकांना सांगितले. आणि स्वतः नदीकाठी उभा राहून, साक्षीदारांसमोर, राष्ट्रीय संघाची हमी देऊन मोकळा झालो.

यातली खरी भीती तुम्हाला कळायची तर मला सामन्याच्या वेळी घरात कुठे बसवले जायचे, ते सांगावे लागेल. क्रिकेटचे वेड तुमच्या घरातले. तुमच्या वडिलांनी, म्हणजे जानराव मामांनी, धामणगावला कापसाच्या जिनाच्या कचेरीत लावलेल्या रेडिओवर तिने ते घेतले आणि लग्नात सोबत आणले. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी परतवाड्याची मोजणी आटोपून, जीपमध्ये अवघडून, घरी आलो आणि दारातूनच विचारले, “काय झालं?” त्याच क्षणी आपला गडी बाद झाला. पुढच्या सामन्याला मी पाणी प्यायला बाहेरच्या खोलीत आलो, पुन्हा गडी बाद. माझ्या नोकरीत पहिली मोजणी कोणी मान्य करत नसे, लोक फेरमोजणी मागत. तुमच्या अक्काने माझी तीनदा फेरमोजणी केली. मला मुद्दाम बाहेर बोलवायची, मुद्दाम आत पाठवायची, आणि दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवायची. तिन्ही वेळा निकाल एकच आला. “लोकं बाईले पांढऱ्या पायाची म्हंतात,” ती म्हणाली, “माह्या नशिबी बुवाच पांढऱ्या पायाचा आला. तुमी आतच राहा.” तेव्हापासून सामना म्हटला की माझी जागा स्वयंपाकघरात, दाराच्या मागे, पिठाच्या डब्यापाशी.

चौतीस वर्षे मी एकही सामना पाहिला नाही. मी तुमच्या अक्काची पाठ पाहिली. दाराच्या फटीतून तिची वेताची खुर्ची, तिच्या पाठीवरून दिसणारी मान आणि मानेवरचा अंबाडा, एवढे दिसत असे. चौकार गेला की मान ताठ व्हायची. षटकार गेला की अंबाडा डावीकडे कलायचा. गडी बाद झाला की ती हात मागे नेऊन पिना काढायची आणि केस सोडून पुन्हा बांधायची. शेवटची पाच षटके असली की पिना दातात. मला धावफलकाची गरज पडली नाही. स्वयंपाकही तिथेच शिकलो. वीस षटकांच्या सामन्यात वरण-भात आणि एक भाजी होते. पन्नास षटकांत पातोडीचा रस्सा होऊन वर भाकरी होतात. पाच दिवसांच्या सामन्यात मी एकदा शेवया केल्या होत्या, त्या तुमच्याकडेही अकोल्याला पाठवल्या होत्या आणि पार्बताबाईंनी त्या तुमच्या अक्काच्या समजून वाखाणल्या होत्या. (आता सांगायला हरकत नाही.) ज्या दिवशी मोठा कप आला त्या दिवशी मी कणीक मळत होतो. त्या कपात माझा वाटा किती होता, हे तिला आणि मलाच माहीत.

आता तुम्हाला माझी अडचण दिसली असेल. मी बाहेर आलो की गडी बाद होतो. आणि शब्द दिला आहे की खुर्ची रिकामी ठेवणार नाही. घरात मी एकटा. म्हणजे खुर्चीत मी. खुर्चीत मी, तर कप कसा येणार? एकाच कागदावर दोन अटी, आणि पहिली पाळली की दुसरी मोडते. आठ महिने मी याच विचारात होतो. बारीकसारीक मालिका येऊन गेल्या, तेव्हा मी खुर्चीवर तिची शाल ठेवून स्वयंपाकघरात गेलो आणि शाल म्हणजे माणूसच अशी मनाची समजूत घातली. पण ही स्पर्धा कपाची आहे. इथे शालीवर भागणार नाही, असे मला वाटले.

म्हणून रविवारी दुपारी साडेतीनला मी अंघोळ करून खुर्चीत बसलो. पहिल्यांदाच बसलो. शेजारचे अब्दुल गफ्फारभाई, म्हणजे तुमच्या ओळखीचे ते लेडीज टेलर, दिवाणावर त्यांच्या ठरलेल्या जागी, खिडकीकडच्या कोपऱ्यात होते. तुमच्या अक्काच्या वेळेपासून ती जागा त्यांची. (खुर्चीच्या डाव्या हाताचा वेत टोचतो म्हणून त्यावर तिच्या ब्लाऊजच्या उरलेल्या कापडाची पट्टी त्यांनीच शिवली होती.) तिकडील संघाचे नाव मी लिहीत नाही. रविवारपासून ते नाव घरात घेतलेले नाही. त्यांनी एकशे ब्याऐंशी केल्या. आपले खेळाडू मैदानात उतरले आणि मला समजेना की कोण कोण आहे. तुमची अक्का त्यांना खऱ्या नावाने कधी म्हणत नसे. एकाला ‘धामणगावचा जावई’, कारण तो फार नीटनेटका खेळतो आणि कोणाला दुखावत नाही. एका वेगवान गोलंदाजाला ‘परतवाड्याचा जीपवाला’, कारण तो सवारी सुटू नये तसा धावत येतो. मला त्यांचे आवाजावरून, म्हणजे तिच्या आवाजावरून, सगळे ठाऊक होते, पण चेहरे नवीन. डोळे मिटले की ओळख पटे, उघडले की परके वाटत. तेवढ्यात दुसऱ्याच षटकात जावई बाद झाला.

मी सवयीने उठलो आणि स्वयंपाकघराकडे निघालो. “किधर चले भाई?” गफ्फारभाईंनी विचारले. मला शब्द आठवला, परत बसलो. बसलो तोच दुसरा गेला. तिसरा गेला तेव्हा धावा एकतीस होत्या. तेव्हा मला एक मार्ग सुचला. अट खुर्चीची आहे. खुर्ची कुठे ठेवायची याची अट नाही. मी स्वयंपाकघरात असावे आणि खुर्चीतही असावे, हे दोन्ही एकाच वेळी साधते, फक्त खुर्ची आत न्यावी लागते. उठून उचलली तर तेवढा वेळ ती रिकामी राहील, म्हणून मी बसल्या बसल्याच पायाने जमीन रेटत मागे-मागे सरकू लागलो. गफ्फारभाई माझ्याकडे पाहत राहिले. मी खुर्चीसकट मागे सरकत चाललो आहे असे पाहून त्यांना काय वाटले असेल, ते मी विचारले नाही. दारापाशी खुर्ची अडली. मी जोर केला. शेवटी त्यांनीही उठून समोरून एक धक्का दिला (“अल्लाह जाने क्या कर रहे हो, मगर लो”) आणि खुर्ची दाराच्या चौकटीत अशी रुतली की पुढे येईना, मागे जाईना. मागचे दोन पाय स्वयंपाकघरात, पुढचे दोन बैठकीत. मी नेमका बांधावर. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतांच्या दोन धुऱ्यांमधले अंतर इंचाने मोजले, आणि घरातली खुर्ची मोठी की दार मोठे, हे पाहायचे राहून गेले.

आणि देवीदासराव, तिथून धावा होऊ लागल्या! एकही गडी बाद होईना. चौकार, षटकार, पुन्हा चौकार. मी चौकटीत ताठ बसलेला, गफ्फारभाई दिवाणावर गुडघे टेकून, “भाई, हिलना मत. बिलकुल नहीं. साँस बी धीरे लेना.” साठ झाल्या, नव्वद झाल्या, एकशे वीस झाल्या. मला पहिल्यांदा वाटले की कावळ्याने जे ऐकले ते चुकीचे ऐकले नाही. आणि त्याच वेळी माझ्या मागे, स्वयंपाकघरात, कुकरची शिटी झाली.

संध्याकाळच्या वरणासाठी तुरीची डाळ मी मधल्या विश्रांतीत अगदी बारीक गॅसवर लावली होती. तीन शिट्यांवर गॅस बंद करायचा असतो. पण गॅस माझ्या पाठीमागे, आणि आत जायच्या वाटेत मी खुर्चीसह. मागचे दार आतून कडी घातलेले. उठून खुर्ची ओढून काढायची, तर धावा थांबतील. चौथी शिटी झाली, पाचवी झाली. गफ्फारभाई म्हणाले, “डाल दूसरी आ जाएगी भाई, मॅच दूसरा नहीं आएगा.” मला ते पटले. नवव्या शिटीनंतर कुकर शिट्या द्यायचा बंद झाला. मला वाटले, बरे झाले, शांत झाला. मागच्या अंगणातून परवीनभाभी, म्हणजे गफ्फारभाईंच्या बेगम, खिडकीच्या जाळीतून ओरडत होत्या, “सूर्यभान भाई, धुआँ! अजी सुनते हो, इनके घर में धुआँ!” गफ्फारभाई ओरडून म्हणाले, “धुआँ नहीं है, नऊ रन बाकी हैं!”

खरेच नऊ धावा बाकी होत्या आणि सहा चेंडू. गोलंदाज धावत निघाला. आणि कुकरचा वॉल्व्ह उडाला.

तो आवाज मी कसा लिहू? दिवाळीचा सुतळी बॉम्ब फुटावा तसा, आणि त्यापाठोपाठ आमच्या छताला डाळ. मी उठलो. विचार करून नाही, अंग आपोआप उठले. खुर्ची रिकामी झाली. गोलंदाजाने चेंडू टाकला आणि आपल्या जम बसलेल्या फलंदाजाचा त्रिफळा उडाला. मी मागे पाहिले तर कुकर, पुढे पाहिले तर त्रिफळा, आणि मधे तिची खुर्ची, तिच्यात कोणी नाही. नंतरच्या पाच चेंडूंत चार धावा झाल्या. चार धावांनी हरलो. त्या पाच चेंडूंच्या वेळी मी आणि गफ्फारभाई खुर्ची ओढत होतो, कारण गॅस पेटता होता. खुर्ची निघाली, पण तिचा डावा हात, पट्टी लावलेला, चौकटीतच राहिला.

हे झाले. यात कोणाला जखम झाली नाही, हे आधी सांगायला हवे होते. परवीनभाभींनी भिंत धुवायला मदत केली, ‘भाभीजान होतीं तो दोनों को झाडू से मारतीं’ असे म्हणत धुतली, आणि त्यांचे बरोबर होते. पण त्यांनी काळजीपोटी आरतीलाही फोन केला. आरतीने मला व्हिडिओवर पाहिले, तेव्हा माझ्या डोक्यावर डाळ होती आणि हातात खुर्चीचा तुटलेला हात. तिने विचारले, “बाबा, तुम्ही दारात खुर्ची का अडकवली?” याचे उत्तर मी फोनवर काय देणार? मी म्हणालो, “हो. बरं. ठेवतो.” त्यानंतर तिने माझे पुण्याचे तिकीट काढले. येत्या शनिवारची गाडी आहे, बडनेऱ्याहून. ती म्हणते, बाबा, तुम्हाला आता एकटे ठेवता येणार नाही, घराला कुलूप लावा आणि कायमचे या. पोर चुकीचे बोलत नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही तिकीट काढले असते.

पण पुढचा सामना रविवारी आहे. शनिवारी मी गाडीत बसलो तर रविवारी खुर्ची रिकामी. एकदा सहा चेंडूंसाठी रिकामी झाली तर हे झाले. पूर्ण सामना रिकामी राहिली तर काय होईल, याचा विचार करत मी सोमवारपासून घरात फिरतो आहे. गॅसचा नॉब दर तासाला तपासतो. कौलावर कावळा ओरडला की बाहेर जात नाही. काल एक खिडकीत येऊन बसला आणि माझ्याकडे डोळा वाकडा करून बराच वेळ पाहत राहिला. मी त्याला पोळीचा तुकडा टाकला, त्याने घेतला नाही. याचा अर्थ तुम्ही लावा, मला लावायचा नाही.

तसे पाहिले तर संघाची आशा अजून संपलेली नाही. हे लिहायलाही भीती वाटते, पण लिहितो. मी मोजणीच्या जुन्या कागदावर सगळ्या संघांचा नकाशा काढला आहे. रविवारी आपण जिंकलो पाहिजे, बुधवारी पुन्हा जिंकलो पाहिजे, आणि ज्यांचे नाव घेत नाही ते एकदा तरी हरले पाहिजेत. मग धावगतीवर आपण वर जातो. ही असली गणिते तुमची अक्का करत असे, दिनदर्शिकेच्या मागे, दूध घेतल्याच्या खुणांशेजारी. मी कालपासून करतो आहे आणि तीन वेळा तपासली आहेत. आपली पोरे चांगली आहेत हो. जीपवाला अजून धावतो. जावई एखाद्या दिवशी दुखावेलही कोणाला. फक्त इथे, राजापेठेत, आमच्या बैठकीत गडबड होऊ नये. एवढी एक जागा नीट बसली तर बाकीचे ते बघून घेतील, असे मला मनापासून वाटते.

असो. पत्र फार लांबले. तुमच्या कामाच्या वेळेत एवढे वाचायला लावले, त्याबद्दल राग नसावा. पार्बताबाईंना नमस्कार. गुडघ्याला निर्गुडीचा पाला शेकायला सांगावे.

तुमचा,
सूर्यभान

ता. क. – हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवत आहे. न पोहोचण्याची भीती वाटली म्हणून याचीच एक प्रत उद्या सकाळच्या अकोला गाडीच्या कंडक्टरजवळ देत आहे. दोन्ही मिळाली तर एकच वाचावे, दोन्ही सारखीच आहेत. (दुसऱ्यात पाल नाही, ती तोपर्यंत गेली.)

ता. क. – पत्र लिहिण्याचे कारण राहून गेले. शनिवारी तुम्ही अमरावतीला येऊन दोन-तीन दिवस राहाल का? आरती म्हणाली आहे की मामा येऊन राहणार असतील तर तिकीट रद्द करते, नाहीतर नाही. तिला फोन तुम्ही करावा. माझ्यासाठी येता असे सांगावे, खुर्चीचे काही सांगू नये. ती आईसारखी आहे, कारण विचारेल. मी कावळ्यापुढे काय बोललो ते वर पुन्हा नीट वाचून पाहिले. खुर्ची रिकामी ठेवणार नाही, एवढेच म्हटले आहे. खुर्चीत कोण बसेल हे म्हटलेले नाही. गफ्फारभाई तुमच्या अक्काच्या खुर्चीत बसायला तयार नाहीत आणि त्यांना दिवाणावरून हलवणेही बरोबर नाही. राहिले तुम्ही. खुर्चीचा हात सुताराने बसवून दिला आहे, पट्टी गफ्फारभाई पुन्हा शिवत आहेत.

ता. क. – काल गफ्फारभाईंना कावळ्याचे सांगितले. त्यांनी सुईत दोरा ओवला. मग म्हणाले की त्या दिवशी कौंडण्यपूरला तेही झाडाखाली चपला काढून उभे होते, आणि त्यांनीही तेव्हाच मनात म्हटले होते, ‘भाभी, मॅच के दिन इनको अकेला नहीं छोडूंगा.’ म्हणजे कावळा माझ्या शब्दावर आला की त्यांच्या, हे आता सांगता येत नाही. तसे असेल तर कपाची जबाबदारी माझ्यावर नाही, असे ते म्हणतात. मला हायसे वाटायला हवे होते. पण वाटले नाही. तेव्हा तुम्ही या.

ता. क. – राग मानू नका, पण तुम्ही मागून अक्कासारखे दिसता. चेहऱ्याने नाही, मानेच्या ठेवणीने. तेराव्याला तुम्ही पंगतीत पाठमोरे बसला होता, तेव्हा मी वाढताना वरणाचे भांडे हातातून सोडले होते ना, ते त्यामुळे. अंबाड्याची गरज नाही. तिची शाल खांद्यावर घ्या म्हणजे झाले. मी पिठाच्या डब्यापाशी असेन, दार थोडे उघडे ठेवेन. तुम्हाला काही करायचे नाही. चौकार गेला की मान ताठ करा. मी चुकून बाहेर आलोच तर एकदा जोरात म्हणा, “काहून आले बाहीर?” आणि हरलो तर लगेच उठू नका. ती हरल्यावर अर्धा तास तशीच बसून राहत असे, काही बोलत नसे, आणि मी आतून चहा घेऊन येत असे. तेवढा चहा होईपर्यंत बसा. मी येईस्तोवर मागे वळून पाहू नका.